त्याच जागेवर, तेवढाच मोठा

'बंदूकबहाद्दर' हे नाव मी दिलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कितीही फुशारकी मारली तरी वाचणाऱ्याला माझी मूळ लायकी ठाऊक असेल. आणि फुशारकी मी मारणार आहे.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. सोलापुरातल्या एका सायंदैनिकात मी प्रूफं तपासायची. वय चोवीस, लग्न झालेलं नाही, तोंड फटकळ. भवानी पेठेतलं आमचं घर किराणावाल्यांचं. घरात कन्नड, दुकानात मराठी, त्यामुळे मला दोन्ही भाषांत सारख्याच जोरानं भांडता यायचं. आईला वाटायचं, छापखान्यात बसून पोरगी वाया चालली. मला वाटायचं, मी नसले तर सोलापूर अशुद्ध लिहून लिहून वाया जाईल.

आमचं दैनिक चार पानांचं. दुपारी दोनला मशीनवर चढायचं आणि चारला नव्या पेठेत विक्रेते ठळक बातमी ओरडत सुटायचे. मालक हेच संपादक. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, पण अंक खपायला लागला की त्यांना दुसरं काही दिसायचं नाही. अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या माणसांवर एक फोरमन होते. त्यांना सगळे मामा म्हणायचे. मामांच्या घरी माग होता आणि बोलणं तेलुगूत चालायचं, पण मराठीची एक मात्रा इकडची तिकडं झाली तर त्यांना जेवण जात नसे.

छापखान्याचे दोन नियम होते. पहिला असा की जागा कमी पडली तर बातमीच्या शेवटच्या ओळी उडवायच्या. वाचत कुणी बसायचं नाही, खालून कात्री लावायची. दुसरा असा की सही झालेल्या प्रूफावर जे लिहिलं असेल ते मामा करणार, मग ते कुणाला आवडो न आवडो. सही माझी असायची. या दोन्ही नियमांचा मला भारी अभिमान होता.

श्रावण लागायच्या सुमारास माढा तालुक्यातल्या एका गावाहून आमच्या बातमीदाराचा फोन आला. पावसानं ओढ दिली होती आणि बंधाऱ्याच्या पाण्यावरून उसवाल्यांत कुरबूर चालली होती. चावडीवर बैठक भरली. एका बड्या शेतकऱ्याला त्याची पाळी पुढं ढकललेली पटली नाही. तो घरी गेला, रानडुकरांसाठी परवान्यानं घेतलेली बाराबोर बंदूक घेऊन आला आणि चार माणसं मारून उसात पळाला. फोन तिथंच तुटला. मेलेल्यांची नावं दुसऱ्या दिवशी पत्रानं आली.

आता इथं एक योगायोग झाला. एरवी आमच्या अंकात फोटो क्वचितच असायचा. फोटो छापायचा तर जस्ताचा ब्लॉक लागायचा, तो पुण्याहून करून आणावा लागे आणि त्यात तीन-चार दिवस जात. पण या माणसाचा ब्लॉक आमच्या खणात तयार पडला होता! आदल्या दसऱ्याला त्यानं आमच्याकडं शुभेच्छांची जाहिरात दिली होती. त्याच्याही आदल्या वर्षी खंडेनवमीला शस्त्रांची पूजा झाल्यावर काढलेला फोटो होता तो. फेटा, मिशा, खुर्चीत ऐसपैस बसलेला, मांडीवर आडवी बंदूक आणि बंदुकीच्या नळीला झेंडूची माळ.

मालकांनी तो ब्लॉक हातात धरला आणि म्हणाले, "देवानंच दिलाय की हा!"

पहिल्या पानावर, मध्यभागी, दोन कॉलम रुंद असा तो बसला. त्यामुळे जागा कमी पडली. मामांनी विचारलं, "काय उडवायचं?" मी नियमाप्रमाणं खालच्या ओळींवर रेघ मारली. त्या खालच्या ओळींत चार माणसांची नावं होती. आदल्या दिवशीच्या बातमीतले 'अन्य तीन इसम' आणि 'एक पाटकरी' तसेच राहिले. त्या तीन इसमांत एक म्हातारी होती हेसुद्धा मी वाचलं नव्हतं.

मथळ्यात एक शब्द कमी पडत होता. लाकडी टायपाची ओळ आठ कॉलम भरायला हवी होती आणि 'आरोपी अजून फरारच' एवढ्यानं ती भरेना. मालक डोकं खाजवत उभे राहिले. मी प्रूफावरून मान वर न करता म्हटलं, "बंदूकबहाद्दर करा की." ओळ अगदी नेमकी भरली. मालकांनी टेबलावर थाप मारली आणि माझ्यासाठी चहाबरोबर भजी मागवली. मी ती चवीनं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी अख्ख्या शहराच्या तोंडी तो शब्द होता. विक्रेते ओरडायचे, "बंदूकबहाद्दर उसात! बंदूकबहाद्दर ओढ्यात!" न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाईक आमचा अंक दाखवून तसल्या मिशा मागायचं. चहाच्या टपरीवर दोन माणसं वाद घालायची, पोलिसांना सापडेल की नाही. चावडीवर कोण मेलं याचा वाद कधी ऐकला नाही. तो नऊ दिवस फरार राहिला आणि करमाळ्याच्या बाजूला सापडला. या नऊ दिवसांत तो ब्लॉक आम्ही सात वेळा छापला. मला येताजाता लोक विचारायचे, "ते नाव तुम्ही काढलंत म्हणे?" मी मान तिरकी करून हसायची. आज आठवलं तरी त्या हसण्याची लाज वाटते.

मालकांनी मग वाचकांच्या पत्रांत वादाला तोंड फोडलं. शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना असावा की नसावा? पत्रांचा पाऊस पडला. एका बागाईतदारानं लिहिलं, रानडुकरं रात्रीत एकराचा ऊस लोळवतात, ती काही अर्ज-विनंत्या वाचत नाहीत. निवृत्त हेडमास्तरांनी लिहिलं, सगळ्या बंदुका सरकारजमा करा. एका वकिलांनी विचारलं, माणूस विळ्यानंही मरतो, मग विळे जमा करणार का? त्यावर कुणीतरी उत्तर दिलं, विळ्यानं चावडीतली चार माणसं एका दमात मरत नाहीत. मी सगळी पत्रं तपासली. स्वल्पविराम घातले, ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. सगळ्यांचं मला थोडंथोडं पटत होतं आणि आपण फार मोठं काम करतोय असं वाटत होतं.

मग एका मंगळवारी ती आली.

सोलापूरचा बाजार होता. अकराचा सुमार असेल. तिशीची बाई, कपाळ मोकळं, सोबत सात-आठ वर्षांची मुलगी. हातात सुतळीनं बांधलेले आमचेच अंक. दारातूनच म्हणाली, "पेपरवाल्यांचं हापिस हितंच का?"

मालकांनी खुर्ची दिली. ती बसली नाही. तिनं सुतळी सोडली आणि एकेक अंक टेबलावर पसरला. सात अंकांवर तो सात वेळा बंदूक मांडीवर घेऊन बसला होता.

"मी पाटकऱ्याची बायकू," ती म्हणाली. "त्येच्या आधी कुनाला गोळी लागली न्हाय. पयली आमालाच."

पाटकरी म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाळीप्रमाणं ज्याच्या त्याच्या रानात सोडणारा गावचा माणूस. हातात खोरं घेऊन दिवसभर पाटावर फिरायचं आणि ज्याची पाळी त्यालाच पाणी द्यायचं. बड्याची पाळी नव्हती म्हणून पाटकऱ्यानं पाटाचं दार उघडलं नाही. तिच्या नवऱ्याचा गुन्हा एवढाच होता, आणि तो आमच्या सात अंकांत कुठंही आला नव्हता.

तिनं मथळ्यावर बोट ठेवलं. "मला वाचाया येत न्हाय. पोरीनं वाचून दावलं. ह्ये नाव त्येला कुनी दिलं?"

मालक खाकरले. "बाई, ते काय, लोकच म्हणायला लागले…"

"लोकांनी पेपर वाचून म्हनलं. पेपरात कुनी लिवलं?"

खिळ्यांचा आवाज थांबला होता. मामा माझ्याकडं बघत नव्हते, मुद्दाम बघत नव्हते. मालक तर पंख्याकडं बघायला लागले. मला पळून जावंसं वाटलं.

"मी," मी म्हटलं.

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. शिव्या देईल, निदान रडेल, असं वाटलं. त्याची माझी तयारी होती.

"तुमी? बाईमानूस?" ती म्हणाली. मग जराशानं, "व्हय का. मंग तुमीच काढा त्ये."

आणि तिनं सांगितलं. मुलगी शाळेत जाते. मधल्या सुट्टीत पोरं खेळतात. एक जण काठी घेऊन बहाद्दर होतो, बाकीच्यांनी पडायचं. "हिला म्हनत्यात, तू पड, तुजा बा बी पडला की. आनी ही पडती, ताई. न्हाय पडली तर खेळायला घेत न्हाईत."

मुलगी आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत उभी होती.

मालकांचा आवाज खाली आला. "बाई, सांगा, आम्ही काय करू?"

"माज्या मानसाचा फोटू छापा. त्याच जागंवर. तेवढाच मोठा."

पदराच्या गाठीतून तिनं फोटो काढला. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेत फोटोवाले पुठ्ठ्याचं विमान उभं करतात आणि त्यामागं माणसाला उभं करतात, तसला. विमानाच्या खिडकीतून पाटकरी बाहेर डोकावत होता. टोपी मागं सरकलेली, पुढचा एक दात अर्धा, आणि हसू असं की बघणाऱ्यालाही हसू यावं.

मालकांनी फोटो उजेडात धरला. "अहो बाई, मेलेला माणूस विमानात बसून हसतोय. लोक काय म्हणतील? दुसरा नाही का एखादा? गंभीर?"

"ह्यो एकच हाय. आनी तो असाच हसायचा."

"शिवाय ब्लॉक नाही. पुण्याला पाठवा, वाट बघा… बातमी शिळी झाली आता."

"त्येचा ब्लॉक हाय, आमचा न्हाय?" ती म्हणाली. "म्हंजे फोटू छापायला आदी बंदूक घ्यावी लागती का?"

 "बघू," मालक म्हणाले. तिनं फोटो माझ्या हातात दिला. "म्होरल्या मंगळवारी बाजाराला येते," म्हणाली आणि मुलीचा हात धरून गेली.

मी टेबलाशी बसले. मग बातमीदाराचं ते पहिलं पत्र शोधून काढलं. खालच्या ओळी, माझी रेघ, आणि रेघेखाली चार नावं. पाटकरी. शाळेचे मास्तर, जे भांडण सोडवायला मध्ये पडले. चावडीच्या पायरीवर कोथिंबीर विकणारी म्हातारी. आणि कुंभारीचा एक बांगडीवाला, जो नागपंचमीच्या तोंडावर गावात बांगड्या भरायला आला होता. मी ती नावं मोठ्यानं वाचली. मामा हातातलं काम ठेवून ऐकत होते.

त्या दिवशीच्या अंकात कोर्टाची बातमी होती. प्रूफ माझ्यापुढं आलं. बातमीत तीनदा बंदूकबहाद्दर, मथळ्यात एकदा. मी चारही ठिकाणी आडवी रेघ मारली, समासात 'आरोपी' लिहिलं, सही ठोकली आणि प्रूफ मामांकडं दिलं.

मामांनी ते वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मग लाकडी टायपाचा खण ओढला आणि मथळ्याची ओळ सोडायला लागले. ओळ भरेना, तर दोन्ही बाजूंना कोरे ठोकळे घातले. चार वाजता अंक बाहेर पडला तेव्हा मालक हातात तो फडकावतच आत आले.

"हे काय? माझा बहाद्दर कुठं गेला?"

"प्रूफावर नव्हता," मामा म्हणाले.

"अहो, पण मालक मी आहे की नाही?"

"मालक तुम्हीच आहात हो. पण सही बाईची असतंय. प्रूफावर असतंय ते मी करतंय. तीस वर्षं झाली, तुम्हीच लावलेला नियम हाय हा."

मालक माझ्याकडं वळले. "अगं ए शहाणे, उद्या हे चालायचं नाही. आणि तो ब्लॉक उद्या पुन्हा घ्यायचाय."

"ब्लॉक सापडत नाही," मामा शांतपणे म्हणाले. तीस वर्षांत या माणसाच्या हातून सुईएवढा खिळा हरवला नव्हता. मालक खणात बघून आले, टेबलाखाली वाकून आले. मग पाय आपटत घरी गेले. दुसऱ्या दिवशीही मी रेघा मारल्या, तिसऱ्या दिवशीही. मालक रोज मला काढून टाकायची धमकी द्यायचे आणि रोज माझ्यासाठी चहा सांगायचे. पण फोटोचं नाव काढलं की कान बंद. मंगळवार जवळ येत होता.

रविवारी सुट्टी होती. मी कुंभारीची बस पकडली. बांगडीवाल्याचं घर सापडायला वेळ लागला नाही. सगळ्या गावाला ठाऊक होतं, फक्त पेपरालाच नव्हतं. त्याची बायको वयस्कर, अंगणात मलूल उन्हात बसलेली, बाजूला बांगड्यांच्या माळा तशाच टांगलेल्या. मी छापखान्याचं नाव सांगितलं तशी ती सावरून बसली.

"मालकाच्या घरून आलीस?" तिनं विचारलं. "उनके घर कू तो बीस साल सें जाते थे, बेटी. मालकीन भोत अच्छी हैं. राह देखती होंगी, पंचमी कू क्यों नै आए करके."

 वीस वर्षं जो माणूस मालकांच्या अंगणात बसून त्यांच्या बायकोच्या, सुनांच्या हातात बांगड्या भरत होता, तो मेला होता आणि मालकांनी त्याला स्वतःच्या पेपरात 'इसम' करून टाकला होता. मी करून टाकला होता. मालकिणीला पत्ता नव्हता.

तिनं पेटीतून रेशनच्या कागदांत जपलेला नवऱ्याचा फोटो काढून दिला. मी तो घेऊन सरळ मालकांच्या घरी गेले. मालक वामकुक्षी करत होते. काकू ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. हातात जुन्याच बांगड्या होत्या, त्यातल्या दोन पिचलेल्या. मी फोटो त्यांच्यापुढं ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. मी रडत सांगितलं, हेही लिहून ठेवते.

काकूंनी फोटो उचलला. मग पदर खोचून आत गेल्या. पुढचं मी ओसरीवरूनच ऐकलं.

"उठा. उठा म्हणते! आपले बांगडीवाले गेले, आणि तुम्ही मारणाऱ्याची आरती ओवाळताय? आपल्या थोरलीच्या लग्नाचा चुडा त्यांनी भरला होता. वीस दिवस मी वाट बघतेय. घरात पेपर आहे आणि मला शेजारच्या मरणाची बातमी नाही?"

मालकांचा आवाज पहिल्यांदाच मला ऐकू आला नाही.

सोमवारी सकाळी मी छापखान्यात गेले तर मालक नव्हते. मामा म्हणाले, पहाटेच्या गाडीनं पुण्याला गेले, स्वतः. पाटकऱ्याचा फोटो माझ्या टेबलातून आदल्या संध्याकाळीच घेऊन गेले होते. मास्तरांचा शाळेच्या गॅदरिंगचा फोटो बातमीदारानं आणून दिला होता, तोही नेला. ब्लॉकवाल्याच्या डोक्यावर बसून ते तीनही ब्लॉक एका दिवसात करून आणणार होते. एवढ्या वर्षांत हे कधी झालं नव्हतं.

मंगळवारी नऊ वाजता मालक दारात उभे, दाढी वाढलेली, डोळे लाल, आणि रुमालात बांधलेले तीन जस्ताचे पत्रे. "घ्या," म्हणाले. "पण म्हातारीचा फोटो मिळेना. कुणी कधी काढलाच नाही म्हणे."

आम्ही तिघं टेबलाभोवती उभे राहिलो. तीन चेहरे आणि चौथी जागा मोकळी. मालक म्हणाले, तिथं देवाचं चित्र टाकू. मी म्हटलं, नको. मामांनी शिशाच्या चार पट्ट्या घेतल्या, बाकीच्या तिघांच्या मापाची चौकट केली आणि आत काहीच ठेवलं नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "खाली लिवा काहीतरी."

मी म्हातारीचं नाव लिहिलं आणि त्याखाली, 'यांचा फोटो कधी काढला गेला नाही. चावडीच्या पायरीवर कोथिंबीर विकत.'

"पेपरात कोरी जागा?" मालक पुटपुटले. आयुष्यभर या माणसानं कोऱ्या जागेचा तिरस्कार केला होता. मग म्हणाले, "राहू दे. राहू दे तशीच."

पुण्याहून आलेले पत्रे लाकडी ठोकळ्यावर ठोकायचे होते, म्हणजे खिळ्यांच्या उंचीला येतात. दोघांसाठी मामांनी नवे ठोकळे कापले. पाटकऱ्याचा मात्र मागच्या खोलीत नेऊन ठोकून आणला. विमानातला पाटकरी पानाच्या मधोमध बसला, दोन कॉलम रुंद. आता जागा कमी पडणारच होती. मामांनी विचारलं, "काय उडवायचं?" मी आरोपीच्या वकिलानं काय युक्तिवाद केला त्याच्या ओळींवर रेघ मारली. वरून मारली, खालून नाही. नियम मोडला तो त्या दिवशी, आणि पुन्हा कधी जोडला नाही.

मथळ्यात चार नावं होती, बाकी काही नाही. ओळ भरली का म्हणाल तर दोन ओळी भरल्या.

ती बारा वाजताच आली, मुलीला घेऊन. मालकांनी या वेळी तिला खुर्चीवर बसवलंच. दोन वाजता मशीन सुरू झालं आणि पहिला अंक मामांनी स्वतः आणून तिच्या मांडीवर ठेवला, शाई ओली होती. तिनं पानावर हात फिरवला नाही, डाग पडेल म्हणून. नुसती बघत राहिली. मुलीनं बोट ठेवून सावकाश नाव वाचलं, आधी बापाचं, मग बाकीच्या तिघांची. आई म्हणाली, "तेवढाच मोठा हाय." आणि मग ती हसली, आणि रडली, आणि पुन्हा हसली. मालक नाक शिंकरत बाहेर गेले.

चार वाजता नव्या पेठेत मी मुद्दाम गेले. विक्रेत्यांना ओरडायला मथळ्याशिवाय काही नसतं, तेव्हा ते मथळाच ओरडत होते. पाटकऱ्याचं नाव, मास्तरांचं नाव, म्हातारीचं नाव, बांगडीवाल्याचं नाव. चौकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. लोक थांबून विचारत होते, कोण हे, कुठले? मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून ढसाढसा रडले. एका टांगेवाल्यानं मला शिवी दिली. मला तीही गोड लागली. अंक संपले आणि मालकांनी पुन्हा मशीन लावायला सांगितलं, तेव्हा कुठं त्यांच्या चेहऱ्यावर जुना माज परत आला. "मी म्हणालोच होतो, हा फोटो चालणार!" म्हणाले.

त्यानंतर पत्रं बदलली. वाद संपला नाही, संपणारही नव्हता, डुकरं ऊस खातच होती. पण आता लिहिणारे मास्तरांबद्दल लिहायचे, त्या म्हातारीबद्दल विचारायचे. पाटकऱ्याच्या बायकोनंही पत्र सांगितलं, मी लिहून घेतलं. "डुकरावर बार काढायचा तर काढा की. रानात काढा. चावडीत बोलनं असतंय, तितं बंदूक कशापायी?" मी तिच्या भाषेला हात लावला नाही, एक स्वल्पविरामसुद्धा घातला नाही. त्या गावानं मग ठराव केला की बंदूक चावडीच्या आवारात आणायची नाही, आणि ठराव फलकावर रंगवला. वकीलसाहेबांनी त्यावर लांबलचक पत्र लिहिलं. तेही आम्ही छापलं, सगळं.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला आम्ही छापखान्यात दरवर्षीसारखी पूजा मांडली. आमची शस्त्रं म्हणजे खिळ्यांचे खण, मामांची पट्टी, माझी लाल पेन्सिल. मशीनला झेंडूची माळ. मामांनी पाटावर मधोमध एक ब्लॉक ठेवला आणि त्यावर फूल वाहिलं. विमानातला पाटकरी होता. मी तो उचलून उलटा केला. ठोकळ्याच्या मागं जुन्या जाहिरातीची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती, 'दसऱ्याच्या शुभेच्छा'. मामांनी त्या दिवशी मागच्या खोलीत काय केलं होतं ते मला आत्ता कळलं. त्या बंदूकवाल्याचा पत्रा उपटून त्याच ठोकळ्यावर पाटकऱ्याला बसवला होता. म्हणून माप केसभरही चुकलं नव्हतं.

"आणि तो पत्रा कुठंय, मामा?"

"मशीनचा डावा पाय हलायचा न्हवं?" मामा म्हणाले. "आता हलत न्हाई."

दसऱ्याला ती मुलीसह आली, आपट्याची पानं घेऊन. आमच्या सगळ्यांच्या हातावर सोनं ठेवलं, मालकांच्या पाया पडायला वाकली तर तेच मागं सरकले. गावात या वेळी देवळापुढं बंदुका मांडल्या नाहीत, म्हणाली. पाटकऱ्याचं खोरं मांडलं आणि पयली हळद त्याला वाहिली. हे सांगताना तिची मान ताठ होती.

मला मात्र दुसरंच विचारायचं होतं. मी मुलीला जवळ घेतलं. "शाळेत ते खेळतात का अजून?"

"न्हाय," ती म्हणाली. "आता समदी इमान-इमान खेळत्यात. दप्तरं लावून इमान करायचं आनी मागनं हसायचं. मी म्होरं बसती."

"आणि पडायचं कुणी?"

तिला माझा प्रश्न फारच बावळट वाटला असावा. तिनं आधी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"इमानात कुनी पडत न्हाय की," ती म्हणाली.